फुलपात्रातली सोलकढी

या, असे जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसलं की डुलकी लागते, आणि आजची गोष्ट डुलकी घेत ऐकण्यातली नाही. एक छान गोष्ट सांगतो तुम्हाला, फक्त एक अट आहे. मधून मधून हुंकार द्यायचा. तुम्ही 'हं' म्हणालात की गोष्ट पुढे चालली, 'हं' थांबलं की गोष्टही थांबली. ही अट मूळची श्यामसुंदर आजोबांची. आपल्या नातीला गोष्ट सांगताना ते ती घालायचे. त्या एवढ्याशा 'हं'चं मोल त्यांना एका श्रावणातल्या रविवारी कळलं, आणि ते कसं कळलं तेच आज सांगायचं आहे.

श्यामसुंदर आजोबा शनिवार पेठेतले. पोस्टातून निवृत्त झालेले. संध्याकाळी मंदिरात कीर्तन असलं की हे सगळ्यांत पुढे, बुवांच्या समोर, मांडी घालून बसलेले असायचे. बुवांनी पूर्वरंगात एखादा दृष्टान्त आटोपता घेतला तर नंतर जाऊन विचारायचे, "बुवा, आज घाई होती का कुठे?" असा माणूस. चातुर्मास लागला की कांदा-लसूण बंद. बाहेर कुठे जायचं झालं तर खांद्याला पिशवी, आणि पिशवीत दोन वस्तू ठरलेल्या. तुळशीच्या पानांची छोटी डबी आणि चांदीचं फुलपात्र. फुलपात्र त्यांच्या पत्नीचं, प्रेमलाबाईंचं. त्या गेल्यापासून आजोबा बाहेरच्या पेल्यातून पाणीसुद्धा पीत नसत. "त्या पेल्याला कोणाकोणाचे ओठ लागलेले असतात, आपल्याला काय माहीत," असं म्हणायचे. आणि काहीही समोर आलं, साधं ताक का असेना, की तुळशीचं पान ठेवून, डोळे मिटून आधी देवाला दाखवायचं, मग पहिला घोट घरातल्या सर्वांत लहान पोराच्या ओठांना लावायचा, आणि मग आपण घ्यायचं. हे त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं.

घरातलं सर्वांत लहान पोर म्हणजे स्पृहा. सहा वर्षांची. मुलगा आमोद आणि सून अस्मिता कर्वेनगरला राहायची, तिथेच ही वाढलेली. गेल्या हिवाळ्यात पोर एकदम वाळायला लागली, सारखं पाणी मागायला लागली, आणि तपासणीत कळलं की तिला साखरेचा आजार आहे. आजोबांना ते पटेचना. "अगं, मधुमेह मला व्हायचा, तिला कसा होईल?" पण झाला होता. तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी इन्सुलिनची सुई, आणि बोटाला टोचून साखर मोजणं. अस्मिताच्या पर्समध्ये एका खणात ते छोटं यंत्र, दुसऱ्या खणात स्पिरिटचे कापूस, तिसऱ्यात ग्लुकोजची पुडी. पोरीच्या मैत्रिणींच्या वाढदिवसांची आमंत्रणं हळूहळू थांबली. लोकांना वाटायचं, उगाच जबाबदारी कशाला घ्या.

म्हणून धायरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी झालेल्या 'रंगदरी' बागेत जायचा हट्ट स्पृहाने धरला तेव्हा अस्मिता नाहीच म्हणाली होती. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, खोटा किल्ला, त्यात दिवसभर पोरं धावतात. आमोद कामासाठी बंगळूरला गेलेला. पण आजोबांनीच मध्यस्थी केली. "अस्मिता, एक दिवस तिला नुसतं पोर असू दे. मी आहे ना."

मी आहे ना. हे तीन शब्द लक्षात ठेवा.

सकाळ अगदी सोन्यासारखी गेली. दुपारी तिघंही बागेतल्या उपाहारगृहाशी आली. दाराशीच एक मोठा फलक होता. आजोबा फलक वाचल्याशिवाय कुठे आत शिरत नसत. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"संपूर्ण कौटुंबिक वातावरण. मद्य फक्त वरच्या गच्चीवर. मद्याचा पेला निळ्या काचेचा. निळा पेला खाली आणण्यास सक्त मनाई." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे कुटुंब खाली आणि वातावरण वर, असं का?"

गच्चीच्या जिन्याला दोरी लावून एक बाई खुर्चीवर बसली होती. निळा गणवेश, छातीवर 'हिरा' अशी पट्टी. तिने आजोबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आजोबा, तुम्हाला वर जायचं असंल तर मनगटाला पट्टा बांधावा लागंल."

"मला? बाई, मी उसाचा रस पितानासुद्धा दोनदा विचार करतो."

"मग कशाला भिता? इथनं निळा पेला खाली सुटत नाही. माझी नजर हाय." आणि खरंच होतं ते. त्याच वेळी एक तरुण निळा पेला हातात घेऊन जिना उतरत होता, तर हिराने त्याला अर्ध्यातूनच परत पाठवला. "अहो साहेब, तो वरच संपवा. हितं लेकरं फिरत्यात."

आजोबांना ते आवडलं. अस्मितालाही जरा हायसं वाटलं. आत गार होतं, गर्दी मात्र मरणाची. मेनूत 'किल्लेदार पिझ्झा', 'मावळा मिसळ' असली नावं. आजोबा म्हणाले, "मावळ्यांना हा पिझ्झा दिला असता तर किल्ला चढायच्या आधीच परत गेले असते." स्पृहा खिदळली. तिच्यासाठी थालीपीठ आणि दही सांगितलं. अस्मिताने वाढप्याला तीनदा विचारून घेतलं, "नक्की दहाच मिनिटांत येईल ना? तिला सुई द्यायची आहे." तो हो म्हणाला. तिने स्पिरिटचा कापूस लावून साखर मोजली, आकडा ठीक होता, सुई दिली.

आणि थालीपीठ काही येईना.

सुई दिल्यावर जेवण लांबणं म्हणजे काय, हे त्या घराला नीट माहीत होतं. इन्सुलिन रक्तातली साखर खाली ओढतं आणि पोटात अन्न नसेल तर ते ओढतच राहतं. अस्मिताचा चेहरा ताणला गेला. ती उठली. "बाबा, मी स्वयंपाकघराशी जाऊन उभी राहते. हिच्याकडे बघा."

"जा तू. मी आहे ना."

टेबलाशी राहिले आजोबा आणि नात. स्पृहा म्हणाली, "आजोबा, तहान लागली." पाण्याची बाटली संपलेली. तेवढ्यात समोरून वाढपी आला तो दुसराच होता. चाळिशीचा, कपाळावर बुक्क्याचा पुसट ठिपका. आजोबांकडे पाहून तो थबकलाच.

"आपण शनिवारातले ना? कीर्तनाला अगदी पुढे बसता. मी श्रीधर. माझे वडील बुवांना पेटीची साथ करायचे."

आजोबांना कोण आनंद झाला! परक्या जागी आपलं माणूस भेटलं. चौकशा झाल्या. मग आजोबा म्हणाले, "श्रीधर, हिला काहीतरी प्यायला द्या बघू. साखर चालत नाही तिला. सोलकढी आहे का?"

"आहे की. पण लसूण आहे तिच्यात."

"मग राहिलं. चातुर्मास आहे माझा, आणि आमच्यात देवाला दाखवून पहिला घोट ती घेते, मग त्यातलंच मी घेतो."

श्रीधर जरा विचारात पडला. खालच्या सोलकढीत लसूण असायचाच. पण वरच्या गच्चीवर 'कोकणी चांदणं' नावाचं एक पेय विकलं जायचं, सोलकढीत मद्य घालून, आणि त्यासाठी सोलकढी बिनलसणीची करत. वरच्या मोठ्या जारमध्ये ती असते आणि मद्य ज्याच्या त्याच्या पेल्यात नंतर घालतात, हे त्याला ठाऊक होतं. जार आणि मद्य वेगळं. रोज तसंच असायचं.

"बिनलसणीची आणतो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी एवढं नाही करायचं तर कोणासाठी?"

"थांबा, थांबा. तुमच्या पेल्यात नको." आजोबांनी पिशवीतून फुलपात्र काढून त्याच्या हातात दिलं. "यात आणा."

हुंकार द्या मंडळी, इथे दम धरा. त्या बागेने किती विचार करून नियम केला होता! निळा पेला दिसला की कोणीही ओळखावं, आत काय आहे ते. दारात राखण बसवली होती. पण जिना उतरणाऱ्या श्रीधरच्या हातात चांदीचं फुलपात्र होतं, आणि चांदीच्या फुलपात्राला कोण अडवणार? हिराने तर हात जोडले. तिला वाटलं, तीर्थ असेल.

फुलपात्र टेबलावर आलं. गुलाबी, दाट, वर कोथिंबिरीचं एक पान. आजोबांनी डबीतून तुळशीचं पान काढून ठेवलं, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत पांडुरंगाचं नाव घेतलं, आणि फुलपात्र स्पृहाच्या ओठांना लावलं. तहानलेली पोर. गटागटा प्यायली. मध्येच तोंड बाजूला घेऊन म्हणाली, "आजोबा, झणझणतंय."

"मिरची असते त्यात. थोडं घे अजून, तहान भागेल."

ती प्यायली. तळाशी राहिलं तेवढं आजोबांनी घेतलं. घशात काहीतरी चरचरलं. चव कडसर लागली. कोकम जुनं असावं असं त्यांना वाटलं. ज्याने आयुष्यात त्या वस्तूचा थेंबही चाखला नाही, त्याला ती ओळखायची कशी?

अस्मिता थालीपीठ घेऊन परत आली तेव्हा स्पृहा हसत होती. कशाला हसतेस विचारलं तर आणखीच हसायची. घासाला हात लावला नाही. मग हसू विरलं आणि तिने टेबलावर डोकं ठेवलं. अस्मिता प्लेट ढकलून खाली वाकली. "स्पृहा, इकडे बघ. बाळा, डोळे उघड." कपाळाला हात लावला तर घामाने ओलं. यंत्राने दाखवलेला आकडा बघून अस्मिताचे ओठ पांढरे पडले. साखर फार खाली होती. तिने पुडी फाडली, ग्लुकोज पोरीच्या गालात भरलं, थोडं थोडं पाणी पाजलं. लोक वळून बघायला लागले. व्यवस्थापक हिंमतराव धावत आले. जाड, घामेजलेले. "काही नाही, काही नाही, गर्मीने होतं मुलांना. चला, आपली प्रथमोपचाराची खोली आहे," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले आणि पोरीला उचलून घेऊन चालू लागले.

खोली लहानशी, काचेच्या दाराची. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, पण हुशार दिसली. तिने सगळं विचारलं. सुई कधी दिली, जेवण किती लांबलं, काय खाल्लं. आजोबा म्हणाले, "नुसती सोलकढी घेतली. साखर नव्हती हो तिच्यात." डॉक्टरने पुन्हा साखर मोजली. ग्लुकोजने वर आली होती. "सुई दिली आणि जेवायला उशीर झाला, तेवढंच दिसतंय. आता आकडा चांगला आहे. थकलीय ती. जरा झोपू द्या, मी पुन्हा बघते," असं म्हणून ती शेजारच्या खाटेवर गुडघा फोडून आलेल्या मुलाकडे वळली.

अस्मिताने भिंतीला डोकं टेकलं. मग आमोदला कळवायला ती दाराबाहेर फोन घेऊन गेली. आत आवाज नीट येत नव्हता.

आजोबा खाटेशी स्टूल ओढून बसले. पोर झोपली होती. सगळं ठीक होतं. डॉक्टरच म्हणाली होती, ठीक आहे. तरी खिशात पत्र राहून गेलेल्या पोस्टमनला वाटावं तसं त्यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. त्यांनी हलक्या आवाजात हाक मारली, "स्पृहा, गोष्ट सांगू? वासराची सांगू?" एरवी ती लगेच ऐकायला बसायची. रोज रात्री फोनवर तीच गोष्ट असायची. धुक्यात हरवलेलं वासरू, आणि डोंगरावर त्याच्या आईच्या गळ्यातली घंटा.

"एक होतं वासरू."

"हं," ती झोपेत म्हणाली. अगदी बारीक.

"त्याला आईने सांगितलं होतं, धुकं पडलं की घंटेच्या आवाजाने यायचं."

थांबले. "हं" आलं, पण उशिरा.

आजोबा खाली वाकले, तिच्या कपाळाचा मुका घ्यायला. तिच्या श्वासाला एक वास होता. ओळखीचा वास. कसला बरं? त्यांनी डोळे मिटले. स्पिरिटच्या कापसाचा. अस्मिता बोट पुसते त्याचा. पण कापूस बोटाला लावतात, तोंडाला नाही.

त्यांचा हात आपोआप पिशवीत गेला. फुलपात्र अजून धुतलेलं नव्हतं. त्यांनी ते नाकाशी धरलं.

तोच वास होता.

मंडळी, भीती ओरडत येते असं आपल्याला वाटतं. तशी ती येत नाही. ती येते आणि शेजारी बसते. आजोबांच्या कानात सगळे आवाज लांब गेले. बाहेरचे पाळणे, पोरांची किंकाळी, सगळं विहिरीच्या तळाशी गेल्यासारखं. वर गच्ची आहे. वर मद्य आहे. श्रीधर फुलपात्र घेऊन गेला तो कुठे गेला? सोलकढी वरून आणली का? आणि लगेच दुसरा विचार आला. नाही, असं नाही व्हायचं. मी देवाला दाखवलं होतं. देवाला दाखवून मी पोरीला ते कसं देईन?

तेवढ्यात श्रीधर स्वतःच दारात आला. हातात झाकलेली ताटली. "आजोबा, कशी आहे आता? गरम थालीपीठ आणलंय, उठली की..."

आजोबांनी फुलपात्र पुढे केलं. "श्रीधर, हे हुंगा."

त्याने हुंगलं. ताटली खाटेच्या कडेवर ठेवली, तीही नीट ठेवली गेली नाही.

"कुठून आणलीत तुम्ही?"

"वरच्या जारमधून. पण आजोबा, त्यात नुसती कढीच असते. रोज नुसतीच असते. पेल्यात नंतर घालतात. शपथ." बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला. "आलोच. पुष्करला विचारून आलोच." गच्चीवर पेयं बनवायचं काम पुष्करकडे होतं. श्रीधर पळत सुटला.

काचेच्या दारातून जिना दिसत होता. श्रीधर दोरी ओलांडून वर गेलेला दिसला. आजोबा बघत राहिले. एक हात पोरीच्या मनगटावर, डोळे जिन्यावर. "मग त्या वासराने काय केलं," ते पुटपुटले. "धुक्यात कान टवकारले."

हुंकार आला नाही.

"कान टवकारले, स्पृहा."

जिन्यावर श्रीधर दिसला. उतरत होता. मधल्या पायरीवर हिंमतराव उभे होते. त्यांनी श्रीधरच्या खांद्यावर हात ठेवला. काय बोलणं चाललं ते ऐकू येत नव्हतं, पण हिंमतराव हसत होते आणि खांद्यावरचा हात काही निघत नव्हता. श्रीधर मान खाली घालून उभा. खाली यायला तयार नाही, वर जायला तयार नाही.

तेव्हा आजोबांना कळलं, त्या पायरीवर काय घासाघीस चालली आहे. कौटुंबिक बाग. वरच्या गच्चीचा परवाना. गर्मीने चक्कर आली असं सगळ्यांनी ऐकलेलंच आहे. फुलपात्र धुतलं की संपलं. आणि श्रीधर गप्प बसला तर आपणही गप्प बसू शकतो, हेही त्यांना कळलं. कोणालाच कधी कळणार नाही की पेठेतल्या श्यामसुंदराने, कीर्तनात पहिल्या रांगेत बसणाऱ्या माणसाने, आपल्या नातीला काय पाजलं. आमोदला कळणार नाही. अस्मिताला कळणार नाही. अस्मिता, जी पोरीला कोणाच्या हाती सोपवत नव्हती, तिने आज ती आपल्या हाती सोपवली होती.

हा विचार त्यांच्या मनात किती वेळ होता, कोण जाणे. क्षणभरच असेल. पण त्या क्षणाची भीती त्यांना पुढे कितीतरी दिवस वाटत राहिली.

त्यांनी नातीच्या कपाळाला हात लावला. पुन्हा घाम. गार घाम.

"अस्मिता!" ते इतके मोठ्याने ओरडले की शेजारचं पोर रडायचं थांबलं. अस्मिता आत धावली. "अस्मिता, मी तिला दारू पाजली असेन."

"बाबा, काय बोलताय?"

"सोलकढीत होती. वरून आणलेली. मला माहीत नव्हतं ग. हे बघ, हुंग." त्यांनी फुलपात्र तिच्यापुढे धरलं. तिने ते दोन्ही हातांनी पकडलं. तिने हुंगलं. एकदाच सासऱ्यांकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते विचारू नका. मग तिने पोरीचं बोट टोचलं.

आकडा पुन्हा खाली आला होता, मघापेक्षाही खाली.

डॉक्टर मुलगी आता खाटेशी होती. "आजोबा, असेन म्हणजे? नक्की सांगा. दारू पोटात असेल तर शरीर स्वतःची साखर सोडत नाही. तोंडाने दिलेली संपली की ती पुन्हा घसरेल, झोपेतच. मला नक्की कळायला हवं. काय होती, किती गेली?"

आजोबांना काय माहीत? त्यांनी काचेकडे पाहिलं.

आणि तेव्हाच दार धाडकन उघडलं. श्रीधर. गणवेशाचं वरचं बटण तुटलेलं. मागे हिंमतराव, "श्रीधर, विचार कर हं, मी सांगून ठेवतोय," असं धापा टाकत म्हणत होते. श्रीधरने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"व्होडका," तो डॉक्टरला म्हणाला. "आज गर्दी होती म्हणून पुष्करने आधीच जारमध्ये मिसळून ठेवली होती. एका भागाला तीन भाग कढी. फुलपात्र भरून मी आणलं. जवळजवळ सगळं ती प्यायली. चूक माझी आहे."

डॉक्टरचे हात त्या क्षणापासून थांबले नाहीत. पोरीच्या हातात सुई गेली, ग्लुकोजच्या सलाइनची बाटली टांगली गेली. कोणीतरी रुग्णवाहिका म्हणून ओरडलं. मुख्य दाराकडे गर्दी असणार, म्हणून हिराने खुर्ची सोडून मागचं, माल आणणाऱ्या गाड्यांचं फाटक उघडलं, आणि हिंमतराव काही म्हणायला लागले तसं त्यांना म्हणाली, "साहेब, माझ्या नजरेपुढनं गेलं ते. आता तरी आडवं येऊ नका."

गाडीत डॉक्टर एका बाजूला, अस्मिता दुसऱ्या बाजूला, पायाशी आजोबा. सिंहगड रस्ता रविवारचा गच्च भरलेला. भोंगा वाजतोय आणि पुढची वाहनं हलत नाहीत. डॉक्टर म्हणाली, "तिच्याशी बोलत राहा. ती जागी होतेय का ते मला कळू दे."

अस्मिताला बोलवेना. ती आजोबांना म्हणाली, आणि त्या दुपारचं तिचं हेच एक वाक्य आजोबांना देवाच्या वाक्यासारखं आठवतं, "बाबा, तुम्ही बोला. तुमच्याच गोष्टीला ती उठते."

आजोबांनी तिचे तळवे हातात घेतले. गार होते.

"एक होतं वासरू. डोंगरावर धुकं पडलं आणि वासरू चुकलं." हुंकार नाही. अट होती, हुंकार नसेल तर गोष्ट थांबायची. आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा ती अट मोडली. "चुकलं तरी ते रडलं नाही. त्याने घंटा ऐकली. खणखण. तू ऐकतेस ना? मग ते एक पाऊल पुढे गेलं. आणखी एक गेलं. पाय घसरला. पण घंटा वाजतच होती."

कीर्तनात बुवा जसे टिपेला स्वर नेतात तसा त्यांचा आवाज चढत गेला. डॉक्टर सलाइन दाबत होती. आजोबा मनात पांडुरंगाशी भांडत होते, उघड्या तोंडाने वासराला डोंगर उतरवत होते. गोष्ट संपत आली. संपली तर पुढे काय, हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी ती लांबवली. वासराला ओढा लागला, करवंदीची जाळी लागली, चुकीची वाट लागली. नेहमीच्या गोष्टीत यातलं काहीच नव्हतं.

"आणि मग ओढ्यापाशी त्याला एक कोल्हा भेटला."

"हं... कोल्हा नसतो त्यात," स्पृहा म्हणाली.

जीभ जड होती, डोळे मिटलेले होते. पण म्हणाली.

अस्मिताने तोंडावर हात दाबला. आजोबा हसले की रडले ते त्यांनाही कळलं नाही. "नसतो ना? चुकलं माझं. तू सांग बरं, मग काय असतं?"

पोर रात्रभर इस्पितळात होती. सकाळी तिने दूध मागितलं. आमोद पहाटे येऊन पोहोचला होता. तो वडिलांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या पायाशी पडलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. अस्मिताने बागेविरुद्ध तक्रार केली, ती अजून चालू आहे. गच्ची काही दिवस बंद होती, मग पुन्हा उघडली. फलकावर आणखी एक ओळ वाढली आहे, घरून आणलेल्या भांड्यात पेय दिलं जाणार नाही, अशी. आजोबांनी ती वाचली आणि पहिल्यांदाच एखाद्या फलकावर काही बोलले नाहीत.

ते अजून नैवेद्य दाखवतात. पण आता आधी हुंगतात, चाखतात, आणि मग पोरीला देतात. देव रागावणार नाही, असं त्यांना वाटतं. कधी कधी मध्यरात्री उठून कर्वेनगरला फोन लावतात, आणि अस्मिता न विचारता फोन झोपलेल्या पोरीच्या नाकाशी धरते. श्वास ऐकू आला की ते पुन्हा आडवे होतात.

राहिला श्रीधर. त्याला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं. बाग सगळा दोष त्याच्या एकट्याच्या नावावर लिहून मोकळी झाली. आजोबा त्याला शोधत धायरीत त्याच्या खोलीवर गेले, तर तो खोली सोडून गेलेला. शेजाऱ्यांना पत्ता माहीत नाही. मंदिरातही तो पुन्हा आला नाही. लाजेने येत नसेल. स्पृहाला जाग आली हे त्याला कळलं की नाही, कोण जाणे. न कळताच तो कुठेतरी ताटं वाढत असेल, आणि कुठल्याही पोराने पेला उचलला की त्याचा जीव घाबरत असेल.

म्हणून आजोबा कीर्तनाला बसतात तेव्हा शेजारची जागा रिकामी ठेवतात. कोणी बसायला आलं तर म्हणतात, "माफ करा, इथे पेटीवाल्यांचा मुलगा यायचाय."

मंडळी, हुंकार चांगला दिलात. आता एवढंच करा. आज घरी गेल्यावर लहानग्याच्या ओठांना पेला लावाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि त्या श्रीधरची आठवण काढा. आणि कपाळावर बुक्क्याचा पुसट ठिपका असलेला, चाळिशीचा असा कोणी वाढपी कुठे भेटलाच, तर त्याला सांगा, पोर बरी आहे. गोष्टीत कोल्हा घातला की अजून भांडते.